रुखमाबाईची बाटली

रुखमाबाई माही मोठी जाऊ. आमच्या दोघींत विस्तव आडवा जात नाही, हे साऱ्या गावाले माहीत आहे. एका अंगणात दोन चुली, मधात एक लिंबाचं झाड, अन त्याचा पाला कोणी झाडायचा यावरून आमची वर्षानुवर्षं जुंपते. ती बोलते बी अशी, का समोरच्याले वाटावं आपण कालच जन्मलो. तरी आज मी तिचं गुणगान करून राह्यली. तुम्ही म्हणसान, कोकिळाबाईले झालं तरी काय? काही नाही झालं बाप्पा. जे डोळ्यानं पाह्यलं ते सांगते.

ते साल बोंडअळीचं. बीटी कापसाले अळी लागत नाही असं सगळेच सांगत होते, अन त्याच बीटीच्या बोंडात गुलाबी अळी घर करून बसली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं का आत सरकी पोखरलेली अन कापूस पिवळा. पहिली वेचणी तेवढी पांढरी निघाली, मंग सारी कवडी, किडका पिवळा कापूस. लोकायनं उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. घरोघर माणसं तोंडात मारल्यासारखी बसून होती. अन त्यातच रुखमाबाईची सून सिंधू नांदुऱ्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. पोरगी झाली. आम्ही तिले छकुली म्हणाले लागलो, अन पुढं कागदावरचं नाव काहीही असो, छकुलीच राह्यलं.

सिंधू भल्ली गुणाची. दिवस गेले तवापासून रुखमाबाईनं तिले वावरात पाय ठेवू देल्ला नाही. माही सून मातर वेचणीले जाये, म्हणून माही नात मनू, दीड वर्षाची, दिवसभर सिंधूच्या मांडीवर. मनूले तिच्या हातानं खाणं, तिच्या पदरात झोपणं. आम्ही जावा भांडलो तरी पोरी एकमेकींच्या घरात शिरायच्या, त्यायले कोण अडवते!

दवाखान्यात छकुलीच्या कानात बारीक नळी घालून मशीन लावलं. हल्ली लावतात म्हणे सगळ्या लेकरायले. डाव्या कानानं जबाब देल्ला, उजव्यानं नाही. दुसऱ्या दिवशी परत लावलं, तरी नाही. तवा लेकरायची डॉक्टरीण आली, आसमा मॅडम. ही आपल्या फकीर मोहम्मद पिंजाऱ्याची पोरगी. आमच्या दोघींच्या लग्नातल्या गाद्या तिच्या बापानंच भरल्या होत्या. दुकानात कापसाच्या ढिगावर लोळणारी ती शेंबडी पोरगी आता गळ्यात नळी घालून आमच्यापुढं उभी. मले इतकं बरं वाटलं का काय सांगू.

तिनं नीट बसवून सांगतलं. म्हणे, कान ओला असला तरी असं होते, ते आपोआप सुधरते. पण एक बारीक विषाणू बी असते. आईले तो झाला तर साधा ताप येते, नाहीतर तेवढंही कळत नाही, पण पोटातल्या लेकराच्या कानावर तो घाला घालते. कधी जन्मतःच, कधी दोन-तीन वर्षानं हळूहळू. घरचे म्हणत राहतात पोरगं हट्टी आहे, ऐकत नाही, अन त्याले ऐकूच येत नसते. म्हणून आत्ताच तपासायचं. सापडला तर औषध पहिल्या महिन्यात सुरू करायचं, अन कानावर नजर ठेवायची.

रुखमाबाईनं इचारलं, म्हणजे बियाण्यातूनच आलेला रोग का? आसमा म्हणाली, बियाण्यातून नाही मावशी, कोंब फुटल्यावर मातीतून. अन मातीचाही त्यात दोष नसते.

आता तपासायचं कसं? लाळेतून होते, पण छकुली घडीघडी अंगावर प्यायची, अन आईच्या दुधातही तो विषाणू असू शकते, मंग खरं-खोटं कळत नाही. म्हणून लघवी पाहिजे. अन ती बी जन्मल्यापासून तीन आठवड्याच्या आत. त्याच्यानंतर सापडला तर कोणीच सांगू शकत नाही का पोटातून आला का बाहेरून लागला. दवाखान्यात चिकटायची पिशवी लावून पाह्यली, ती दोनदा सुटली. पोराचं असतं तर सोपं होतं, धार धरता येते. पोरीचं कसं धरसान? मंग आसमानं कापसाचं एक पुडकं, बिनसुईची सिरिंज अन एक झाकणाची बाटली देल्ली. म्हणे, लंगोटात कापूस ठेवा, भिजला का सिरिंजीत भरून बाटलीत पिळा, बाटली गार ठेवा अन त्याच दिवशी आणून द्या.

इतकं सोपं काम. पण माही जाऊ!

घरी आल्याबरोबर तिनं ते पुडकं कोनाड्यात फेकलं. म्हणे, दुकानचा कापूस माह्या नातीच्या अंगाले लावू? कोणाच्या वावरातला, कोणतं जहर फवारलेला? अन देवघराच्या वरच्या फळीवरून तिनं सीतादहीचा कापूस काढला. आमच्याकडं पहिली वेचणी करायच्या आधी वावरात सीतादही करतात, दही-भाताचा निवद दाखवतात, अन त्या पहिल्या पांढऱ्याशुभ्र कापसाच्या वर्षभर देवाले वाती करतात. पहिली वेचणी इकून झाली होती, घरात पांढरा असा तेवढाच कापूस उरला होता. बाकी सारी पिवळी कवडी. तो देवाचा कापूस तिनं हातानं सरकी काढून, पिंजून, मऊ करून छकुलीच्या लंगोटात ठेवला. प्रेमच होतं ते, दुसरं काय? पण प्रेमाले अक्कल असते का?

पहिल्या दिवशी लंगोट काढला तर गोधडी चिंब अन कापूस कोरडा ठणठणीत. म्हणे, बाजूनं गेलं असन. दुसऱ्या दिवशी दुप्पट कापूस ठेवला. गोधडी चिंब, कापूस कोरडा. मंग ती म्हणे पोरगी कमीच मुतते, सिंधूले दूध वाढवा, हळीव द्या. अरे, गोधड्या वाळू घालायले दोरी पुरत नव्हती अन म्हणे कमी मुतते! शेवटी माह्याकडं पाहून म्हणते, कोणाची तरी नजर लागली. मी काय ऐकून घेणारी आहे? मी म्हटलं, नजर लागून मूत कुठं पळते व? झाली सुरुवात. दोन्ही चुलीवरच्या भाकरी करपल्या तरी आमचं थांबेना, अन मधात तिकडं दोन आठवडे सरून गेले, याचं भान दोघींलेही नव्हतं.

भान होतं ते आसमाले. तिनंच भागवतले फोन लावला. भागवत रुखमाबाईचा पोरगा, छकुलीचा बाप, मलकापुरात जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाले जाये, पण तवा घरीच होता. त्यानं सांगतलं का मॅडम, कापूस भिजतच नाही. तिकडून ती म्हणाली, घरचा ठेवला का? परातीत पाणी घ्या, एक बोळा घरचा टाका अन एक मी देलेला टाका.

अंगणात परात ठेवली. सीतादहीचा कापूस पाण्यावर बदकासारखा तरंगत राह्यला. बोटानं दाबला तरी परत वर. कोनाड्यातलं पुडकं फोडून त्याचा बोळा टाकला, तो पाहता पाहता पाणी पिऊन तळाशी गेला. जनम गेला आमचा कापसात. लहानपणापासून वेचला, भरला, इकला, त्याच्यावर झोपलो, अन कच्चा कापूस पाणी पीत नाही हे आम्हाले माहीत नव्हतं! त्याच्या अंगात त्याचंच तेलकट मेण असते म्हणे, म्हणून तर वात तेल ओढते पण पाण्याले शिवत नाही. दुकानचा कापूस सोड्यात उकळून ते मेण काढलेलं असते.

फोन चालूच होता. रुखमाबाईनं तो हातात घेतला. मले वाटलं आता ही त्या डॉक्टरणीवरच उलटते. पण आसमानंच आधी बोलून टाकलं, का मावशी, तुमची चूक नाही. पिंजाऱ्याची पोरगी असून कापसाच्या घरात कापूस पाठवला अन का ते सांगतलं नाही, चूक माही आहे. आता हातात दोन-तीन दिवस आहेत, ते वाया जाऊ देऊ नका.

रुखमाबाई परातीकडं पाहत बसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाह्यला नव्हता. तिले हरताना पाहावं म्हणून मी किती नवस बोलली असन, अन आता ती हरली तर मले ते पाहवेना. ती हळूच म्हणाली, "माह्या देवाच्या कापसानं माह्या नातीचे दिवस खाल्ले व कोकिळे." अन उठून हात धुतले.

तिथून पुढं जे तिनं केलं ना, त्याले जिगर लागते. म्हातारीनं उन्हात पाट मांडला, पाय लांब केले अन छकुलीले पायावर घेतलं, जशी न्हाऊ घालाले घेतात तशी. लंगोटात दुकानचा बोळा. अन बसली. पोरीनं शी केली का सारा बोळा फेकून द्यायचा, पोरीले धुवायचं, कोरडं करायचं, नवा बोळा ठेवायचा अन परत बसायचं. पहिला अख्खा दिवस असाच गेला, दर वेळी दोन्ही बरोबरच. रुखमाबाई चिडली नाही. जी बाई दूध उतू गेलं तर साऱ्या गल्लीले ऐकवते, ती दिवसभर छकुलीशी गोड गोड बोलत राह्यली, "शू कर व माय, शू कर, तुह्या आजीची लाज राख." तिचे गुडघे दुखरे. संध्याकाळी तिले दोघींनी धरून उठवावं लागलं. मी म्हटलं उद्या मी बसते. तर म्हणे, तुह्या पायावर पोरगी घसरन, तुह्या अंगात मांस कुठं आहे?

दुसऱ्या दिवशी उन्हं चढता चढता बोळा भिजला. स्वच्छ. तिनं तो सिरिंजीत भरला, दाबला, अन बाटलीत पिवळसर थेंब पडाले लागले. अत्तर काढावं तसं पिळून पिळून तिनं ते काढलं. बाटलीचा तळ भरला. आम्ही दोघी अन सिंधू, तिघी त्या मुताकडं पाहून अशा हसलो का शेजारीण भिंतीवरून डोकावली.

मंग बर्फाचा प्रश्न. माह्या पोरानं घेतलेल्या लहान्या फ्रीजले रुखमाबाई दोन वर्षांपासून मढं ठेवायची पेटी म्हणे. त्या दिवशी स्वतः आली अन म्हणाली, तुह्या पेटीत बर्फ असन तर दे. मी एक शब्द बोलली नाही, हे माहं बी मोठेपण माना. स्टीलच्या डब्यात बर्फ भरला, मधात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली. भागवत जिनिंगमध्ये, तिथं मशीनच्या आवाजात फोन कोण ऐकते? म्हणून आम्ही दोघीच निघालो. बाळंतिणीले तर घराबाहेर काढायचं नव्हतं.

फाट्यावर आलो तर रस्ता बंद. बोंडअळीच्या नुकसानीसाठी रास्ता रोको लागला होता. टायर पेटलेले, बैलगाड्या आडव्या, पोलिसांची गाडी, अन मधोमध आमच्याच गावाची माणसं बसलेली. पुढच्याच रांगेत रुखमाबाईचा नवरा, उकंडराव. एसट्या दोन्हीकडून तुंबलेल्या. त्यायचं बी काही खोटं नव्हतं. सारं साल मातीत गेलं तर माणूस रस्त्यावर नाही तर कुठं बसन? पण आमच्या डब्यातला बर्फ काही त्यायच्या मागण्या मान्य होईपर्यंत थांबणार नव्हता. अन दुसऱ्या दिवशी ते तीन आठवडे सरत होते.

मी म्हटलं परत जाऊ, उद्या पाहू. रुखमाबाई सरळ गर्दीत घुसली. माणसं घोषणा देऊन राह्यली होती, कोणाले काही ऐकू येईना. एका हवालदारानं हात आडवा केला. हिनं डब्यातून बाटली काढली, हात वर केला अन ओरडली, "रस्ता देता का नाही? नाहीतर ही बाटली…"

पुढचं 'वाया जाईन' कोणाच्या कानात शिरलंच नाही. लोकायनं काय पाह्यलं? म्हातारी, आंदोलन, वर धरलेली बाटली. त्या साली आमच्या भागात बाटली म्हटलं का माणसाच्या मनात एकच यायचं. एका क्षणात सारं थंड. घोषणा बंद. हवालदारानं झडप घालून तिचं मनगट धरलं. दोन पोरं मागून धावली. अन उकंडराव, ज्याले घरी बसल्या जागेवरून उठायले तीन हाका लागतात, तो आडव्या बैलगाडीवरून उडी मारून आला. तोंडचं पाणी पळालेलं, धोतर सुटलेलं. तिच्यापुढं हात जोडून म्हणे, "अवं, असं नको करू व. कापूस गेला तर गेला, तू नको जाऊ."

लग्नाले किती वर्षं झाली, त्या बुढ्याच्या तोंडून बायकोसाठी कोणी एक नरम शब्द ऐकला नव्हता. मले तर रडू आलं. पण रुखमाबाईचं लक्ष सारं बाटलीवर. हवालदाराच्या हातात मनगट तसंच ठेवून तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली, झाकण घट्ट आहे का पाह्यलं, अन खणखणीत आवाजात म्हणाली का मी कायले मरते, मुतड्यायनो, माह्या नातीचं मूत आहे ते, तपासाले नेऊन राह्यली, आज पोचलं नाही तर पोरीच्या कानाचं कधीच कळणार नाही.

आधी एक जण हसला, मंग सारेच, असे का डोळ्यात पाणी येऊन हसले. हवालदार बी हसला अन त्यानं मनगट सोडलं. गाड्या बाजूले झाल्या. हवालदारानं स्वतःची मोटारसायकल काढली अन रुखमाबाईले मागं बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मोटारसायकलवर बसली, एका हातानं हवालदाराचा खांदा अन दुसऱ्या हातानं छातीशी डबा. रस्त्यावर बसलेल्या माणसायनं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. उकंडराव धोतर खोचत उभा होता. मी पायीच घरी आली अन सिंधूले सगळं सांगतलं.

बाटली वेळेत पोचली. आसमानं ती मुंबईले पाठवली. काही दिवसांनी तिचा निरोप आला का छकुलीले घेऊन या, आईलेही आणा. सव्वा महिना झाला नव्हता, पण रुखमाबाईनंच सिंधूच्या डोक्याले फडकं बांधलं अन म्हणाली, चाल, देव समजून घेईन. भागवत संग होताच. माही सून कामावर, म्हणून मनूले कडेवर घेऊन मी बी गेली.

तपासणीत विषाणू निघाला.

पुढचं आधी सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीले लागन. औषध सुरू झालं. कडू पातळ औषध, सहा महिने, मधात मधात रक्त तपासाचं. कान दर काही महिन्यांनी तपासाचे. उजव्या कानाले ऐकायचं मशीन लागलं. दोन वर्षाची झाल्यावर डावा कान बी थोडा उतरला, पण नजर ठेवून होतो म्हणून तो लगेच सापडला, त्यालेही मशीन आलं. आज छकुली शाळेत जाते अन घरी आली का इतकी टकळी चालवते का मीच म्हणते, बाई, माह्या कानायले आराम दे. तीन आठवड्याच्या आत ती बाटली पोचली नसती तर ही पोरगी आमच्यात मुकी बसली असती अन आम्ही तिले हट्टी म्हणत राह्यलो असतो.

पण त्या दिवशी आसमाच्या खोलीत हे काहीच माहीत नव्हतं. सिंधू छकुलीले छातीशी धरून रडत होती अन एकच इचारत होती का मले कसा झाला, मी कुठं गेली नाही, आली नाही. आसमा म्हणाली, हा आपल्या सगळ्यायच्याच अंगात कधी ना कधी येऊन गेलेला असते, मोठ्याले काही करत नाही. लहान लेकरायच्या लाळेत, लघवीत तो महिनोन्महिने राहते. लेकरू खेळत असते, त्याले काही होत नाही. त्याचा मुका घेतला, त्याचं उष्टं खाल्लं, तर पोटुशी बाईले लागू शकते. कोणाचाच दोष नसते यात. मंग सहज इचारलं, घरात कोणी लहान लेकरू होतं का?

सिंधूनं मनूकडं पाह्यलं. तिनं मुद्दाम नाही पाह्यलं, नजर गेली तिची. भागवतनं बी पाह्यलं. मनू माह्या मांडीवर बसून माह्या गळ्यातली पोत चोखत होती, लाळ गळत होती तिची. मले वाटलं जमीन फाटावी. दिवसभर सिंधूच्या ताटात जेवायची ना ती. अर्धा घास मनूच्या तोंडात, अर्धा सिंधूच्या. आता रुखमाबाई बोलन. जन्मभर जी संधी पाहत होती, ती तिच्या पुढ्यात आयती येऊन पडली. माह्या घरातल्या लेकरानं तिच्या नातीचे कान खाल्ले, हे ती आता आसमापुढं बोलन, मंग अंगणात बोलन, मंग गावात, अन मी मरेपर्यंत बोलन. मी खाली मान घालून वाट पाहत बसली.

रुखमाबाई म्हणाली, "लेकराचं उष्टं टाकलं तर पाप लागते, असं सिंधूले म्याच शिकवलं. मनूचं ताट म्याच तिच्यापुढं सरकवत होती. कोणाले काही इचाराचं असन तर मले इचारा. त्या लेकराकडं कोणी पाहू नका."

मंग तिनं आसमाले इचारलं का आता मनूले दूर ठेवाचं का. आसमा म्हणाली, काही गरज नाही. पोटुशा बायांनी तेवढं लेकरायचं उष्टं खाऊ नये, हात धुवावे. तुमच्या वयाच्या बाईले काही भ्यायचं कारण नाही. रुखमाबाईनं ते दोनदा इचारून घेतलं.

घरी आलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. दिवेलागणीले अंगणात पाच-सहा बाया जमल्या, छकुलीले पाहाले म्हणून, पण डोळे सारे मनूवर. एकीनं आपलं पोरगं मनूजवळून ओढून घेतलं. माह्या सुनेनं ते पाह्यलं अन ती चुलीपुढून उठलीच नाही. मनूले काय कळते? तिनं अर्धी भाकर खाल्ली, भाजीत भिजवली, चोखली, अन सवयीनं तो लिबलिबीत तुकडा घेऊन सिंधूकडं चालत गेली. सिंधूनं हात पुढं केला अन मधातच थांबवला. मनू हात वर करून उभी. कोणी तो तुकडा घेईना. तिचा ओठ थरथरू लागला. मले जागेवरून उठता येईना.

रुखमाबाईनं पाटावर बसल्या बसल्या मनूले जवळ ओढलं. तिच्या हातातला तो तुकडा घेतला अन साऱ्या बायांच्या डोळ्यादेखत तोंडात टाकला. सावकाश चावून चावून खाल्ला. मनूच्या बोटाले लागलेलं बी चाटून घेतलं. मनू हसली अन तिच्या मांडीवर चढून बसली. ज्या बाईनं आपलं पोरगं ओढलं होतं तिनं ते सोडून देल्लं.

मले काहीतरी बोलायचं होतं. जन्मभर तिच्याशी फक्त भांडली, दुसरं बोलाचं कसं हेच मले येत नव्हतं. मी तशीच उभी, डोळे वाहून राह्यले. रुखमाबाईनं मान वर केली.

"पाहत काय राह्यली व? भाजीत मीठ नाही. तुह्याच हातची दिसते."

मी आत गेली अन मीठ आणून देल्लं.